वीस शिप


आमच्या आण्णांच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून झाले. म्हणून मी चौथीतच तालुक्याला इंग्रजी भाषणाला उभी राहिले.

मी ठणकावून म्हणाले, "माय फादर हॅज ट्वेंटी शिप." परीक्षक म्हणाले, "कोणत्या बंदरात?" सगळे हसले. मला काही कळेना. मग आमच्या बाईंनी सांगितलं, शिप म्हणजे जहाज. मेंढराला शीप, दीर्घ म्हणायचं. आमच्या तोंडी दोन्ही एकच!

घरी येऊन मी म्हणाले, आता इंग्रजी बोलणारच नाही. आण्णा म्हणाले, "जहाजं झाली म्हन की आपली! चारा तरी वाचला." रडता रडता मला हसू आलं.

बाई म्हणाल्या, "शीप तेवढं पक्कं कर, तिथं अर्थ बदलतो. बाकी तुझा गावाकडचा हेल राहू दे." पण खरं सांगू, मला अजून टीव्हीवरच्यासारखं बोलावंसं वाटतं.

आमच्या बाजारात उत्तर प्रदेशचे भेळवाले काका येतात. त्यांना ळ येत नाही. "भेल घ्या, भेल" असं ओरडतात. हिशेब मात्र मराठीत सांगतात, तो आम्हाला बरोबर कळतो. तरी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. मीसुद्धा.

परवाच्या बाजारी मी नक्कल केली नाही. भेळ घेतली अन् विचारलं, "काका, ळ म्हणता येतो का?" त्यांनी तीनदा म्हणून पाहिला. मग मीही त्यांना "शीप, शीप" म्हणून दाखवलं.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी