किल्ल्यावरचा पाहुणा

गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक गुन्हा घडला. ज्या वस्तूचे नुकसान झाले ती अवघी पावणेचार इंच उंचीची होती; पण तिच्यापायी वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत माझा मुलगा माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे एक शब्द बोलला नाही. मुलगा काही लहान नाही. चाळिशी ओलांडलेला, पुण्यात मोठ्या पगारावर असलेला गृहस्थ आहे. म्हणून तर ते अधिक लागले.

त्याचे असे झाले. सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू दोन दिवस आधीच वाशिमला आले होते. अंगणात आजोबा-नातवाचे किल्ला बांधणे चालू होते. आमच्या वऱ्हाडात किल्ल्याचा जोर पुण्याकोल्हापुराइतका नाही. आमचे खरे वेड भुलाबाईचे. शिवाय इथली काळी माती वाळली की भेगाळते. सोयाबीनचे कुटार कालवून लिंपले तरी आमचा किल्ला दोन दिवसांत पडका दिसू लागतो. त्यामुळे तो जुना आणि खरा वाटतो, असे मी नातवाची समजूत काढण्यासाठी सांगतो.

तर अशा ऐन बांधकामात मुलाच्या नावाचे एक पार्सल आले. वरच्या खोक्यात कडक प्लॅस्टिकची पेटी, तिच्यात चित्रांचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पारदर्शक फुगा आणि फुग्यात एक बाहुली. काळे कपडे, वर डोक्यावरून घेतलेला कापडी अंगरखा. श्रावणात रानात गुराखी घोंगडीची खोळ घेतो ना, हुबेहूब तसा! बापाने लेकासाठी खेळणे मागवले, एवढाच अर्थ माझ्या ध्यानात आला. मी सुरी घेतली, फुगा टरकावला आणि त्या खोळवाल्याला किल्ल्याच्या दरवाजात राखणदार म्हणून उभा केला. नातवाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने किल्ला पाहिला, केराच्या टोपलीतला पुठ्ठा पाहिला, आणि तो न बोलता माडीवर गेला. सूनबाईने हळूच सांगितले, “बाबा, ती खेळायची नव्हती. ठेवायची होती. वर्षभर शोधत होते ते.”

मी जन्मभर मास्तरकी केली. चूक झाली म्हटले की आधी तिचा अभ्यास करायचा, ही खोड. नातवाच्या मदतीने मोबाइलवर मी त्या बाहुल्यांच्या शोधाला लागलो, आणि काय सांगू, दोन रात्री झोप विसरलो. तो खोळवाला म्हणजे ल्यूक स्कायवॉकर, ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटमालेचा नायक, आणि माझ्या हाती लागलेली बाहुली त्याच्या 1983 सालच्या तिसऱ्या चित्रपटाची. पहिला चित्रपट 1977 साली आला, तेव्हा केनर नावाच्या कंपनीला बाहुल्या वेळेवर तयार करता आल्या नाहीत. मग तिने काय करावे? नाताळात पुठ्ठ्याचे नुसते पाकीट विकले, आत हुंडी, की बाहुल्या पुढच्या वर्षी पोचत्या होतील! आणि लोकांनी ते पाकीट विकत घेतले.

त्याहून नवल वाटले ते वेषाच्या बारकाव्यांचे. त्यातले जावा नावाचे ठेंगू पात्र आधी प्लॅस्टिकच्या झुलीत आले. ती झूल हलकी दिसते म्हणून लौकरच कापडाची केली, आणि आज ती टाकून दिलेली प्लॅस्टिकची झूलच सोन्याच्या मोलाची झाली आहे. स्नॅगलटूथ नावाच्या आणखी एका पात्राचा, कारागिरांना म्हणे, कमरेपर्यंतचाच फोटो मिळाला, तोही रंगांवाचून. त्यांनी अंदाजाने त्याला उंच केला, निळा पोशाख चढवला, पायांत बूट घातले. चित्रपटात पाहावे तो स्वारी बुटकी, तांबड्या वेषातली आणि अनवाणी! पुढे चूक सुधारली; पण संग्राहक धावतात ते त्या चुकलेल्या निळ्याच्या मागे.

हसू नका. आपण तरी काय केले? वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजीमहाराजांचे खरे चित्र उजेडात आणीपर्यंत भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनातले महाराज म्हणजे भालजी पेंढारकरांच्या 1952 सालच्या चित्रपटातले चंद्रकांत मांढरे. किल्ल्यावर बसवायची मातीची मूर्ती घेताना आम्ही नाक पारखायचो ते त्यांच्याशी ताडून.

यावरून मला आमच्या घरची भुलाबाई आठवली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी जिची गाणी म्हणतात ती ही भुलाबाई, म्हणजे पार्वती. तिने भिल्लिणीचा वेष घेतला आणि शंकर भुलला, म्हणून तो भुलोजी. पण कुंभाराकडची जोडी पाहाल तर तिच्यात भिल्ल शोधून सापडायचा नाही. भुलोजीला ऐटदार फेटा, पिळदार मिशा, जहागीरदाराची बैठक. देवाने घेतलेले सोंग, आणि त्यावर कुंभाराने चढवलेले दुसरे! मी शाळकरी असताना, एका वर्षी ताईने बाजारातून आणलेल्या भुलाबाईच्या कपाळावर केसांची झालर होती. ‘लव्ह इन सिमला’ हा चित्रपट 1960 साली आला, त्यातल्या साधनाच्या कपाळावरच्या बटांनी पोरींना वेड लावले होते, आणि आमच्या कुंभारालाही ते वारे लागले असावे. ताई हरखून गेली होती. आजीने मूर्ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “पार्बतीले झिपऱ्या कायले पाह्यजेत?” मग विळीच्या टोकाने तिने ती झालर खरवडून काढली. कपाळावर पांढरा चट्टा उरला. ताईने महिनाभर गाणी म्हटली, पण तिने भुलाबाईच्या तोंडाकडे पाहिले नाही.

ही गोष्ट मी धनत्रयोदशीला हिला मोठ्या रंगाने सांगत होतो. ही करंज्या कातत होती. कातणे न थांबवता म्हणाली, “आणि तुम्ही काय केलं होतं?”

“मी? कधी?”

“तुमच्या मावळ्याचं.”

मला खरोखर काही आठवेना. तेव्हा हिने सांगितले. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. अकोल्याला एका दुकानात त्याने ही-मॅन नावाचा दांडगा, सोनेरी केसांचा, तलवारीचा बाहुला पाहिला आणि तो दुकानातून हलेना. किंमत चाळीसच्या वर होती. पैशाचा प्रश्न होताच. पण मी कारण वेगळे दिले. “बाहुल्या काय खेळतोस? पोरींचा खेळ!” असे चारचौघांत म्हणालो. (गंमत पाहा, अमेरिकेतसुद्धा हीच पंचाईत होती. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीने पोरांसाठी बारा इंची शिपाई काढला, तेव्हा ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नवे नाव पाडले.) बाहुल्याऐवजी मी त्याला वाशिमच्या बाजारातून चार मावळे आणून दिले. पोराने त्यांतल्या एकाचे पागोटे हळदीने पिवळे केले, त्याचेच केस केले, उघड्या छातीवर कोळशाने पट्टे ओढले आणि त्याला गडाच्या माथ्यावर चढवला. मी शाळेतून आलो. “मावळ्याला पिवळे केस असतात का रे?” म्हणून त्याला नळाखाली धरला. कच्चा रंग तो. केस गेले, मिशा गेल्या, नाकडोळेही गेले.

“पोरगं रडलंसुद्धा नाही,” ही म्हणाली. “ती मातीची ढेप त्याने कितीतरी दिवस दप्तरात ठेवली होती.”

मी उठून अंगणात गेलो. पणत्या लागल्या होत्या. राखणदार दरवाजात उभा होता, खोळ पुढे ओढून. आजीच्या हातातली विळी मला साठ वर्षे दिसत होती. माझ्या हातातला नळ दिसला नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरा फटाके थंडावल्यावर अंगणात बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मुलगा किल्ल्यापाशी उकिडवा बसला होता. मला वाटले, बाहुली काढून नेतो आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याने राखणदाराचे तोंड फिरवून बाहेरच्या बाजूला केले होते.

“पहारेकरी आत तोंड करून उभा नसतो, बाबा,” तो म्हणाला. चार दिवसांतले हे पहिले पूर्ण वाक्य.

मी तिथेच पायरीवर बसलो. म्हणालो, “तो मावळा मी धुतला होता.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “तुम्हाला आठवतं ते?”

“नाही. तुझ्या आईला आठवतं.”

यावर तो मोठ्याने हसला. मग बॅटरी पुन्हा किल्ल्यावर फिरवत म्हणाला, “तलवार कुठे आहे याची?”

तलवार मी पाहिलीच नव्हती. काडीएवढी असते म्हणे ती. चित्रपटात हिरवी आहे. पण या बाहुलीच्या काही नगांबरोबर निळी आली, आणि ती दुर्मीळ. माझ्या मुलाने वर्षभर जी शोधली ती निळीच. फुगा टरकावताना ती उडाली असणार. मग काय, मध्यरात्री सारे घर बाहेर! अळिवाच्या कोवळ्या शेतात, खंदकात, तुळशीच्या कुंडीत, सगळीकडे शोधून झाले. नातू तर खुशीत होता, खरीच लढाई असल्यासारखा. तलवार मिळाली नाही. भाऊबीज करून मंडळी पुण्याला गेली. जाताना मुलाने बाहुली नेली नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मी किल्ला मोडला. माती टाकून न देता ओसरीवर आणली आणि रोज थोडी थोडी पिठाच्या चाळणीतून चाळायला बसलो. हिने चाळणीवरून दोन दिवस बोलून घेतले, मग स्वतःच दुसरी चाळणी घेऊन समोर बसली. पाचव्या दिवशी कुटाराच्या काड्यांत एक काडी निराळी लागली.

मी पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, “नीट बघा बाबा, काडीच असेल.”

मी ती चिमटीत धरली, पाण्यात बुडवून हळूच चोळली, आणि उन्हात धरली. या वेळी रंग गेला नाही.