आमच्या घरातली खवय्यी

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. मन लावून, चवीनं खाणाऱ्या पुरुषाला आपण काय म्हणतो? खवय्या! किती कौतुक आहे त्या शब्दात. आणि तसंच खाणाऱ्या बाईला? खादाड, नाहीतर हावरट. छान रांधणारी ती सुगरण, पण छान खाणारी कोण, याला धड शब्दच नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'माझे खाद्यजीवन' लिहिलं ते साऱ्या महाराष्ट्रानं मिटक्या मारत वाचलं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' दिलं, ते मात्र चार जणांना करून कसं घालावं याचं! त्या पुस्तकाच्या वाटी-चमच्यावर माझा संसार उभा राहिला, तेव्हा तक्रार मुळीच नाही. पण मला नुसतं करून घालायला आवडत नाही, खायलाही आवडतं. आमच्या घरातली खवय्यी मीच, हे आज छापून येऊ दे.

आम्ही राहतो धामणगाव रेल्वेला. ते 'रेल्वे' म्हणायचंच, बरं का! नुसतं धामणगाव म्हटलं तर कुणी तुम्हाला अचलपूरकडच्या धामणगाव गढीला पोचवायचं. नागपूर-भुसावळ मार्गावरचं, कापसाचं गाव आमचं. आणि अशा गावात मला वेड लागावं ते चीजचं! तुम्ही हसाल, पण खरं आहे.

आपल्याकडे दुधाचं सोनं करायच्या वाटा ठरलेल्या. दही, ताक, लोणी, तूप. चिखलदऱ्याकडे गेलात तर गवळ्यांकडचा खवा आणि रबडी. दूध फाटलं की आपण म्हणतो 'नासलं', आणि तोंड वाईट करतो. ते मुद्दाम फाडून, दाबून, मीठ लावून महिनोन्महिने मुरवायचं आणि मग आवडीनं खायचं, ही कल्पनाच आमच्या वऱ्हाडात नाही. माझी नि चीजची ओळख झाली ती लहानपणी, मुंबईच्या मामामुळे. अमूलचा पत्र्याचा डबा तो घेऊन यायचा आणि सोबत डबा कापायचं हत्यारही आणायचा, कारण आमच्या घरी ते कुठलं असायला! चीज दोन दिवसांत संपायचं. डबा पुढं कित्येक वर्षं मोहरीला.

आणंदची ती दूध उत्पादकांची संस्था १९४६ सालची. युरोपात चीज मुख्यत्वे गाईच्या दुधाचं. आपल्याकडे दूध भरपूर ते म्हशीचं. त्याचंही चांगलं चीज जमतं, हे त्या मंडळींनी करून दाखवलं. आता तर आपल्या पुणे जिल्ह्यात, मंचरलाही मोठ्या प्रमाणावर चीज होतं, आणि आमच्या बाजारातल्या दुकानाच्या फ्रिजमध्येही ते सहज मिळतं. मी ते कसं खाते सांगू? तव्यावरची ज्वारीची भाकर, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वर किसलेलं चीज. भाकरीच्या वाफेनं ते मऊ होतं, ठेच्याला कवेत घेतं. करून बघाच. किसायच्या आधी चीज अर्धा तास खूप गार करा आणि किसणीला तेलाचं बोट फिरवा, म्हणजे चिकटत नाही. उरलेलं प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता बटर पेपरात गुंडाळा. त्याला घाम येत नाही.

सासूबाई माळकरी. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे जमते कशानं व?" प्रश्न अगदी रास्त होता. पूर्वापार चीज जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरत आले आहेत. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही आता सर्रास वापरतात. आपल्याकडे पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापावा लागतो, तो मी त्यांना दाखवला. पण त्यांना पटलं ते ठिपक्यानं नव्हे, आल्यानं!

चहात आलं आणि दूध एकदम घालून आच लावली की कधी कधी दूध फाटतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. दोष दूधवाल्याचा नसतो. कच्च्या आल्यात दूध जमवणारं एक द्रव्य असतं, रेनेटचंच भावंड म्हणा ना! चीनमध्ये तर गरम गोड दूध आल्याच्या रसावर ओतून खरवसासारखी खीर जमवतात. उकळीनं मात्र त्या द्रव्याचा जोर मरतो. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं, मग चहापत्ती, मग दूध. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे झाडपाल्यानंबी जमते." आणि चीजला आमच्या स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला.

चहाबद्दल मी थोडी हट्टी आहे. घरातल्या साऱ्यांचा चहा गाळायचा, कप ज्याच्या त्याच्या हाती द्यायचे, यांचा चष्मा शोधून द्यायचा आणि मग आपल्या कपावरची साय बोटानं बाजूला करायची, हे मी बरीच वर्षं केलं. आता करत नाही. सगळ्यांचं आटोपलं की मी माझा एक कप नव्यानं मांडते. "दोनदा दोनदा गॅस कायले पेटवतं व माय?" असं सासूबाईंनी आठवडाभर विचारलं, मग सोडून दिलं. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींना चहा मान्य नव्हता. उकळलेल्या पत्तीतलं टॅनिन त्यांना घातक वाटे. त्यांची माफी मागून मी माझा कप घेऊन मागच्या दारी बसते.

आणि हत्यारं! साड्यांच्या दुकानात मी पाच मिनिटांत कंटाळते, भांड्यांच्या दुकानात तास कमी पडतो. आलं-वेलची कुटायला लहानसा लोखंडी खलबत्ता, चहाचं बारीक जाळीचं गाळणं, धारेची सुरी (बोथट सुरीनंच हात जास्त कापतो, कारण जोर लावावा लागतो). पण सगळ्यांत लाडका माझा सराटा. तुमच्याकडे त्याला उलथणं म्हणत असतील. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या यात्रेत लोखंडाचा घेतलेला. रुक्मिणीच्या माहेरचा म्हणून मी त्याला कुणाला हात लावू देत नाही.

मुलगी सातवीत असताना शाळेनं काम दिलं, आजी-आजोबांची मुलाखत घ्यायची. ती वही घेऊन आजीजवळ बसली. मी पलीकडे भाजी चिरत होते. प्रश्न होता, तुमचा आवडता पदार्थ कोणता? सासूबाई उत्साहानं सांगू लागल्या, "तुह्या आजोबाले मुटके. तुह्या बाबाले पुरणाची पोयी. काकाले वांग्याचं भरीत." मुलगी म्हणाली, "आजी, तुला काय आवडतं?" सासूबाई थांबल्या. चांगल्याच थांबल्या. मग म्हणाल्या, "मले? मले काय, सारंच चालते."

पोरीनं 'सर्व' असं लिहून टाकलं नि पुढच्या प्रश्नाकडे वळली. माझी मात्र सुरी थांबली. साठ वर्षं चूल सांभाळलेली ही बाई! चिंचेचा कोळ किती लागेल हे वासावरून सांगणारी. आणि तिला 'आवडते' म्हणता येईना, 'चालते' म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्यांच्या ताटलीत रोज काहीतरी ठेवून विचारू लागले, कसं लागतं? चीज त्यांनी चाखलं. "साबण खाल्ल्यावाणी लागते." चला, नावड तरी कळली! पनीर 'बेचव'. बिनदुधाचा चहा 'औषध'. पंधरा-वीस दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी आपण होऊन म्हणाल्या, "लहानपणी माय दुधाच्या गंजाची खरवड देत जाये मले. शिपीनं खरडून." सासरी आल्यावर खरवड लेकरांची झाली, मग नातवंडांची.

आता आमच्याकडे दूध तापतं शिट्टीच्या मिल्क कुकरमध्ये. त्याला खरवड धरत नाही, तोच त्याचा मोठेपणा. तेव्हा माळ्यावरचा पितळी गंज उतरवला, कल्हईवाला शोधून कल्हई करवली. दूध मंद आचेवर ठेवायचं, ढवळायचं नाही, तळाला बदामी रंग चढला की दूध दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तळाशी चिमूट साखर भुरभुरायची. आणि खरडायला, हो, माझा सराटा. तेवढ्यापुरता तो त्यांच्या हाती देते.

परवा वाटी रिकामी करून म्हणाल्या, "आज पातळ धरली. आच मोठी ठेवली होती काय व?"