करवंद आणि चेरी

जर्मनीत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला बाडेन प्रांतातील तांबड्या वाइनची बाटली आणून दिली. द्राक्षाची जात पिनो न्वार. जर्मन लोक तिला श्पेटबुर्गुंडर म्हणतात. मराठीच्या दोन प्राध्यापकांनी तिचे काय करावे? 'आस्वाद' हा शब्द आम्ही वीस वर्षे वर्गात वापरत आलो, तेव्हा परीक्षा आमचीच होती. (१९४९च्या दारूबंदी कायद्याने सांगितलेला परवाना काढला होता, एवढी नोंद करून पुढे जातो.)

अशी वाइन १४ ते १६ अंशांवर प्यावी असा संकेत आहे. एप्रिलच्या जालन्यात तो पाळण्यासाठी बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागली. रंग इतका फिका की पेल्यातून पलीकडची उत्तरपत्रिका वाचता यावी. या द्राक्षाची साल पातळ असते, म्हणून रंगही कमी आणि तुरटपणाही. आम्ही टिपण लिहिले : चेरी, रास्पबेरी, जंगलातील ओली पाने.

लिहिले आणि ओशाळलो. रास्पबेरी आम्ही कधी खाल्लेलीच नाही. चेरी खाल्ली ती केकवरची, आणि बेकरीतील ती लालभडक चेरी पुष्कळदा साखरेत मुरवलेले करवंद असते! म्हणजे शब्द तिकडचा आणि जिभेवरची आठवण डोंगरच्या मैनेची. आमच्या समीक्षेतही असे किती शब्द न चाखता आले असतील, हा विचार त्या संध्याकाळी सुखाचा नव्हता. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचा, व्यंजनांचा. तो आम्ही दरवर्षी शिकवतो, पण जिभेला काही विचारत नाही.

त्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील आले होते. कडवंचीला त्यांची द्राक्षबाग आहे; नुकतीच खरड छाटणी उरकलेली. (कडवंचीच्या पाणलोटाचे कामही इंडो-जर्मन कार्यक्रमातलेच, हा योगायोग त्यांनीच दाखवून दिला.) त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, "सर, हे आंबट राहिलंय. पण कच्चं न्हाई."

आमच्या साऱ्या टिपणात हे एक वाक्य नव्हते. थंड मुलखात द्राक्ष सावकाश पिकते. साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडच्या उन्हात साखर लवकर चढते आणि आम्ल उतरते. आम्ही हे पुस्तकी ज्ञान त्यांना ऐकवले, तेव्हा ते हसले. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, शुगर अडते, व्यापारी भाव पाडतो. "आमचं ज्यात नुकसान, त्यातच यांची चव?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या खाण्याच्या द्राक्षाचा हिशेब निराळा, हे खरे. पण तसे म्हणणे त्या क्षणी पळवाट वाटली.

टिपणातील चेरी आम्ही खोडली आणि करवंद लिहिले. रास्पबेरीच्या जागी त्यांनी जांभूळ सुचवले. आम्हाला ते पटले नाही, जांभळाचा तुरटपणा यापेक्षा कितीतरी दांडगा. ओल्या पानांवर तर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. त्यांच्या मते तो वास पहिल्या पावसानंतरच्या उकिरड्याचा होता, आणि हे ते कौतुकाने म्हणत होते.