उंच माणसाची छोटी मोटार

परमेश्वराने मला सहा फूट तीन इंच उंची दिली. ती सामावून घेणारी मिळकत मात्र दिली नाही. त्यामुळे मोटार घ्यायची ती छोटी, आणि तीही दुसऱ्याने वापरलेली, हे ठरल्यासारखेच होते. पहिली गाडी मी वकिलाच्या रीतीने घेतली : कागदपत्रे तासभर वाचली आणि आसनावर दोन मिनिटे बसलो. नोंदणी, विमा, कर, सारे चोख होते. गुडघ्यांची साक्ष तेवढी घ्यायची राहिली.

ती साक्ष चोर्ला घाटात झाली. आम्ही बेळगावकर, कुलदैवत गोव्यात, मंगेशीला. वर्षातून दोनदा तरी आईला घेऊन घाट उतरायचा. त्या दिवशी वळणावर गाय आडवी आली. मी पाय उचलला, तो उजवा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. ब्रेक लागला, पण क्षणभर उशिराने. गाय शेपटी हलवीत निघून गेली. आई काही बोलली नाही. पुढच्या आसनाला धरलेला हात मात्र तिने मंगेशी येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी आसन शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवले. पुढच्या खेपेस पाहतो तो आई पाय एका बाजूस वळवून अवघडून बसलेली. पुढे बसले की तिला दरी पाहवत नाही, म्हणून ती नेहमी माझ्याच मागे बसते. मला मिळालेली जागा तिच्या वाट्यातून वजा झाली होती. वाटणीचे दावे मी पुष्कळ लढवले आहेत. हा एक जिंकून मात्र शरमलो.

दुसरी गाडी शोधताना मी लांबीपेक्षा उंची पाहू लागलो. १९८३ साली आलेली मारुती ८०० ही २००९ च्या टाटा नॅनोहून सुमारे वीतभर लांब. पण नॅनो तिच्याहून वीतभर उंच. छप्पर उंच असले की आसन खुर्चीसारखे वर घेता येते. मग पाय पुढे पसरावे न लागता खाली वळतात, आणि मागच्याचीही सोय होते.

१९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम योग्यायोग्यतेची काळजी सामान्यतः खरेदीदारावरच टाकते. म्हणून या वेळी कागदांच्या आधी मी आसनावर बसलो, तेही रोजच्या वहाणा घालून. पाठ पूर्ण टेकवून, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबला : गुडघा कोठे लागतो? डोके आणि छत यांमध्ये मूठ मावते का? पाठ न उचलता मनगटे चक्राच्या वरच्या कडेवर टेकतात का? नाहीतर पाय सुटतात आणि हात तोकडे पडतात. शेवटी आसन न हलवता उतरलो आणि स्वतःच्याच मागे जाऊन बसलो.

पाच गाड्या या शेवटच्या परीक्षेत नापास झाल्या. सहावी वॅगन-आर, सात वर्षांची, दारावर पोचा आलेली. रंग पत्नीला पसंत नव्हता. तरी ती घेतली, आणि ३० दिवसांच्या मुदतीत नावावरही करून घेतली.

परवा मंगेशीला आई कोणाचा हात न धरता गाडीतून उतरली. देवासमोर मी वाकलो, तेव्हा ध्यानात आले, की त्या साऱ्या प्रवासात मी तेवढा एकदाच वाकलो होतो.