मोगरी : सुताराने स्वतःसाठी घडवलेले हत्यार

१/ १९ जुलै १५४५. इंग्लंडच्या दक्षिणेस सोलेंटच्या सामुद्रधुनीत, फ्रेंच आरमाराशी झालेल्या लढाईत आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. सुमारे ५०० जणांपैकी ३५ हूनही कमी वाचले.

२/ १९८२ साली तिचा सांगाडा वर आला. उत्खननात सुतारांच्या खोलीतील हत्यारे मिळाली : रंधे, मोजपट्ट्या, लाकडी मोगरी. लोखंडी पाती बहुतांशी समुद्राने खाल्ली होती. लाकूड मात्र गाळात शाबूत राहिले.

३/ मोगरी लाकडाचीच का? लोखंडी हातोड्याने पटाशीची लाकडी मूठ चिरते. मोगरीचा ठोका पात्यापर्यंत पोहोचतो, मूठ मात्र वाचते. झीज मोगरी सोसते. म्हणूनच सुतार ती स्वतः घडवी आणि झिजली की पुन्हा घडवी.

४/ परंपरागत रीत अशी : बीचसारख्या कठीण लाकडाचा ठोकळा करवतीने कापायचा, रंध्याने साफ करायचा. मग पटाशीने आरपार खाच. वरच्या तोंडाशी रुंद, खाली किंचित निमुळती. दांडाही त्याच उताराचा, वरून ओवलेला. प्रत्येक घावासरशी डोके बाहेर सरकू पाहते आणि दांड्याच्या रुंद टोकावर अधिकच आवळले जाते. खिळा नाही, सरस नाही.

५/ ती खाच पाडायलाही मोगरीच लागते. जुनी, झिजलेली मोगरी नवीला जन्म देते.

६/ ‘मेरी रोझ’ची हत्यारे आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहेत. राजाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सुतारांच्या हातांची ओळख मात्र या लाकडांतूनच पटवून घ्यावी लागते.