तारीख चुकू नये म्हणून

गेल्या वर्षी वस्तीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला. मुदत संपल्याचं आम्हाला दोन दिवसांनी कळलं. दोष माझाही होता. अभ्यासिकेतला संगणक रोज मीच सुरू करायचो, पण बघायचो फेसबुक.

मग नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीत इंग्रजीत 'स्टार्ट' हा शब्द, मग जागा सोडून संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता : महाडीबीटी, बार्टी, एमपीएससी, समाजकल्याण. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडून नावाच्या शेवटी 'डॉट बॅट' लावलं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'शेल:स्टार्टअप' टाइप केलं की एक फोल्डर उघडतो. फाइल त्यात ठेवली. आता लॉगिन होताच चारही पानं समोर येतात.

संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींचं शैक्षणिक हित जपायची जबाबदारी राज्यावर टाकली. पण ज्यांच्या घरात साहेब आहेत, त्यांनाच तारीख वेळेवर कळणार असेल, तर आपला हक्क कागदावरच राहतो. पानं उघडणं संगणकाचं काम. ती वाचून पोरांपर्यंत पोचवणं आपलं. मोर्च्याइतकंच हेही चळवळीचं काम आहे. आपल्या अभ्यासिकेत आजच करा.

जय भीम!