अर्धी गोळी

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मागील दारी, लाकडांच्या ढिगाआड, एक भटके मांजर जखमी होऊन पडलेले आम्हां उभयतांस दिसले. मागचा पाय लोंबत होता. बहुधा रात्री एखाद्या वाहनाचा धक्का बसला असावा. उचलावयास गेलो, तर फिस्कारून त्याने हातावर ओरखडा काढला.

त्याचे कण्हणे ऐकवेना. घरात तापावरची पॅरासिटामॉलची गोळी होती. तिचा अर्धा तुकडा खलात कुटून आम्ही दुधात कालवणार, तोच सुचले की पशुवैद्यांना विचारून घ्यावे. दूरध्वनीवर ते जवळजवळ ओरडलेच, "देऊ नका! ते मांजराला विष आहे. माणसाच्या यकृताला ही गोळी पचते, मांजराच्या नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच जाते."

मग त्यांच्या सांगण्यावरून आम्ही मांजरावर जाड गोणपाट टाकले, त्याला अलगद खोक्यात ठेवले आणि दवाखान्यात नेले. ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुतला व त्याच दिवशी रेबीजची लस टोचून घेतली.

काही आठवड्यांनी पाय सांधला. दार उघडताच मांजर कुंपणावरून पलीकडे गेले. मागे वळूनही पाहिले नाही. त्याचे आम्हांस वाईट वाटले नाही. खलातली ती पांढरी पूड मात्र अजून डोळ्यांपुढे येते. त्या पहाटे आमच्या मनात दयेवाचून काही नव्हते, आणि त्या दयेनेच त्याचा जीव घेतला असता.